जुळवून घेणे म्हणजे काय? सीमाभागाच्या इतिहासातून एक उत्तर

'तुम्ही आता कर्नाटकात राहता, तेव्हा तेथील संस्कृतीशी जुळवून घ्यायला शिका,' हा उपदेश सीमाभागातील मराठी माणसाने किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. तो बेंगळुरूहून येतो तेव्हा त्यात हुकमाचा सूर असतो, पुण्यामुंबईहून येतो तेव्हा सहानुभूतीचा. दोन्हीकडच्या उपदेशकांचे गृहीतक मात्र एकच असते. १९५६ साली येथील मराठी माणूस एका सर्वस्वी परक्या संस्कृतीत जाऊन पडला आणि त्याला तिच्याशी जुळवून घेता आले नाही, म्हणून सीमाप्रश्न उरला, असे त्यांना वाटते.

या भागातील न्यायालयांत आम्ही जवळजवळ तीस वर्षे वकिली करीत आहोत. मराठी आणि कानडी, दोन्ही भाषांचे पक्षकार आमच्या कचेरीत येतात. त्यांचे कागद वाचताना आणि त्यांच्या घरांतील जुनी दप्तरे चाळताना आमची अशी खात्री झाली आहे की हे गृहीतक इतिहासाला धरून नाही. येथील मराठी माणसाने कानडी संस्कृतीशी जुळवून घेतले त्याला शतके लोटली, आणि कानडी माणसानेही मराठीशी तसेच जुळवून घेतले. १९५६ नंतर जे मागितले गेले ते वेगळेच काही होते. त्या दोहोंतील फरक नीट समजावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सीमा नव्हती तेव्हा

श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला मराठी लेख आपण सर्वांनी शाळेत असताना ऐकलेला आहे. मराठीतील अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. तो आजच्या कर्नाटकाच्या अगदी आतल्या भागात आहे, आणि त्याच्या शेजारी कानडी आणि तमिळ लेखही आहेत. उलट बाजूने पाहावे तर देवगिरीच्या यादवांचे कितीतरी शिलालेख कानडीत आहेत. ज्यांना आपण मराठीचे आश्रयदाते म्हणून अभिमानाने मिरवतो, त्यांना कानडीत दानपत्र कोरून घेण्यात कमीपणा वाटला नाही. पंढरीच्या विठ्ठलाला तर आपल्या संतांनीच कानडा म्हटले, आणि वारकऱ्यांना त्यात काही खटकले नाही.

हे राजांचे आणि देवांचे झाले. सामान्यांचे पाहू. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला आजही कोल्हापूर, सांगलीकडून लोक मोठ्या संख्येने जातात. डोंगरावर 'उदो'चा गजर होतो तेव्हा कोणाचा गळा कानडी आणि कोणाचा मराठी हे ओळखू येत नाही. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काची माघी यात्राही तशीच. ही देवी कानडी मुलखातली, आणि तिची पालवे बांधून येणारे निम्मे लोक मराठी मुलखातले. बैलांच्या सणाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. कागल, निपाणी, इचलकरंजी या पट्ट्यात ज्येष्ठ पौर्णिमेला 'कर्नाटकी बेंदूर' होतो. कानडी शेतकऱ्याची ती कारहुण्णिमे. पुढे आषाढात 'महाराष्ट्रीय बेंदूर' येतो. दोन्ही नावे लोकांनीच ठेवलेली आहेत. कोणता बेंदूर खरा यावर कोणी दावा लावल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. बैलाला दोनदा पुरणपोळी मिळाली, तर तक्रार कोण करणार?

आपल्या बोलण्यातही हा शेजार मुरलेला आहे. अण्णा, अक्का हे नात्यांचे शब्द, रोजच्या पानातले तूप, पानदानातला अडकित्ता, हरवलेली वस्तू 'हुडकणे', हे सारे शब्द कानडीशी नाते सांगतात. मराठी रंगभूमीचेही तेच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिले आणि तसे काही मराठीत करावे अशी इच्छा व्यक्त केली. त्यातून १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' उभे राहिले. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या कानडी गावात अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. पुढे 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' लिहिणाऱ्या या नाटककाराच्या पदांत कानडी चाली सहज आल्या, कारण त्या त्याच्या कानांवर लहानपणापासून पडत होत्या.

तेव्हा 'अपरिचित संस्कृती' हा शब्द येथे मुळातच लागू पडत नाही. भेद होते, परंतु ते परिचयाचे भेद होते. शेजाऱ्याच्या घरी जेवण कसे वाढतात, सुतकात काय पाळतात, थोरांना कसे हाकारतात, हे दोघांनाही ठाऊक होते.

मराठीचे पारडे जड होते तेव्हा

आता एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. चळवळीच्या व्यासपीठावरून ती फारशी सांगितली जात नाही. परंतु वकिलाला आपल्या बाजूच्या अडचणीचे कागदही वाचावे लागतात.

पेशवाईत आणि पटवर्धनादी संस्थानिकांच्या अमलात धारवाड-बेळगावच्या मुलखाचे दप्तर मोडीत, म्हणजे मराठीत चालत असे. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला तरी मराठीचे हे स्थान बराच काळ टिकले. सरकारी शाळा निघू लागल्या तेव्हा कानडी मुलखातही पुष्कळ ठिकाणी त्या मराठी निघाल्या. कानडी शेतकऱ्याचे मूल घरी एक भाषा बोलत होते आणि पाटीवर दुसरीच गिरवत होते. शिक्षण खात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी खटपट केली तेव्हा कानडी शाळांची संख्या वाढू लागली. तरीही मराठी ही शिकलेल्यांची आणि कानडी ही अडाण्यांची भाषा, हा समज लवकर गेला नाही. या अवहेलनेतून २० जुलै १८९० रोजी धारवाडात रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. पुढे कर्नाटक एकीकरणाची चळवळ ज्या घरात वाढली ते हेच घर.

त्या कानडी पुढाऱ्यांची मागणी काय होती? आमच्या मुलांना आमच्या भाषेत शिकू द्या, सरकारी कागद आम्हांला वाचता येईल अशा भाषेत द्या, आणि आमची भाषा कमी प्रतीची समजू नका. वाचकहो, ही मागणी ओळखीची वाटत नाही काय? १८९० साली धारवाडच्या कानडी माणसाने जे मागितले तेच १९५६ नंतर बेळगाव-निपाणीचा मराठी माणूस मागत आला आहे. ती मागणी तेव्हा न्याय्य होती, म्हणूनच ती आजही न्याय्य आहे. आपण पहिली अमान्य केली तर दुसरी मागण्याचा आपला अधिकार दुबळा होतो. आणि ज्यांनी पहिली केली त्यांना दुसरी नाकारण्याचा अधिकार उरत नाही.

त्या काळातही दोन्ही तीरांवर पाय ठेवून उभी असणारी माणसे होती. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे हे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी, आणि 'कर्नाटकसिंह' ही पदवीही त्यांचीच. महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते १९२४ चे बेळगावचे अधिवेशन भरवण्यात त्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. त्यांना कोणी 'तुम्ही नक्की कोणाचे?' असे विचारले असते, तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता, असे आम्हांला वाटते.

कायद्याला मिळालेली मुदत

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. फाजल अली आयोगाने सामान्यतः जिल्हा हा घटक धरला होता. त्यानुसार चंदगड तालुका वगळून सारा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून नव्या म्हैसूर राज्यात गेला. मराठीबहुल म्हणून चंदगड तेवढा सुटला. बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी परिसर यांना तो न्याय मिळाला नाही. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. सेनापती बापटांचे उपोषण झाले, १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्या अहवालाने निपाणी आणि खानापूरकडचा भाग महाराष्ट्राला देऊ केला आणि बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने तो नाकारला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याची उजळणी येथे करीत नाही.

आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते त्याच कायद्यातील दोन कोरड्या कलमांकडे. कलम ११९ सांगते की प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला, तरी त्या प्रदेशात आधी लागू असलेले कायदे, सक्षम विधिमंडळ किंवा अधिकारी बदल करीपर्यंत, जसेच्या तसे चालू राहतील. कलम १२० सांगते की ते कायदे नव्या व्यवस्थेत बसावेत म्हणून सरकारने एका वर्षाच्या आत त्यांत आवश्यक ते फेरबदल करावेत. या फेरबदलाला विधिभाषेत 'अनुकूलन' म्हणतात. म्हणजे जुळवून घेणेच.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा झाला की बेळगावचा शेतकरी म्हैसूर राज्यात गेल्यानंतरही कित्येक वर्षे त्याच्या कुळकायद्याचा दावा १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याखालीच चालला. राज्याला ठाऊक होते की कायदा एका रात्रीत बदलला तर गोंधळ माजेल, चालू दावे कोलमडतील, लोकांचे हक्क बुडतील. म्हणून कायद्याला मुदत मिळाली.

माणसांना मात्र अशी मुदत कोणी दिली नाही. अपिले मुंबईऐवजी बेंगळुरूला जाऊ लागली. नव्या भरतीत कानडीचे ज्ञान आवश्यक ठरले. कचेरीत जुन्या म्हैसूरकडचे अधिकारी येऊ लागले. त्यांची कानडी ऐकून येथील कानडी माणूससुद्धा गोंधळून जाई, ही आठवण आम्ही अनेक कानडी वृद्धांच्या तोंडून ऐकली आहे. धारवाडकडचा लहेजा आणि म्हैसूरकडचा लहेजा यांत मोठे अंतर आहे. जुळवून घेणे त्यांच्याही वाट्याला आले होते. उच्च न्यायालय उत्तर कर्नाटकाच्या पक्षकाराजवळ आणावे हे राज्याला पटायला २००८ साल उजाडले. त्या वर्षी धारवाडला फिरते खंडपीठ सुरू झाले आणि २०१३ साली ते कायम झाले. आपल्याच भाषेच्या लोकांशी जुळवून घ्यायला ज्या राज्याला पन्नासहून अधिक वर्षे लागली, त्याने आमच्याकडून एका सकाळीत ते होण्याची अपेक्षा धरावी, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानी यावी.

बाजारातील कानडी आणि कचेरीतील कानडी

आमचे आजोबा निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत दिवाणजी होते. खेड्यांतून गाड्या भरून माल येई. आणणारे निम्मे शेतकरी कानडी असत. आजोबा त्यांच्याशी अस्खलित कानडी बोलत, भावाची घासाघीस कानडीत करीत, त्यांच्या घरच्या लग्नांना जात. पुढे हिशेब लिहीत तो मोडीत. १९५६ नंतर काही वर्षांनी घरपट्टीसंबंधी एक नोटीस त्यांच्या नावे आली. ती कानडी लिपीत होती. ज्या भाषेत त्यांनी आयुष्यभर व्यापार केला त्या भाषेतला तो कागद त्यांना वाचता येईना. ते तो घेऊन शेजारच्या कानडी मास्तरांकडे गेले. मास्तरांनी वाचून दाखवला आणि वर चहाही पाजला. परंतु आजोबा घरी येऊन जे बोलले ते आमचे वडील वारंवार सांगत असत: 'कानडी मला कधी परकी वाटली नव्हती, आज पहिल्यांदा वाटली.'

या एका वाक्यात सीमाप्रश्नाचा गाभा आहे असे आम्ही मानतो. बाजारातील कानडी परिचयाची होती. ती बोलण्याची होती, चुकलेली चालत होती, तिच्यात देवघेव होती. कचेरीतील कानडी ही सहीची, मुदतीची आणि दंडाची भाषा होती. तीत चूक झाली तर शेत जात असे.

शेत कसे जाते याचा एक प्रसंग आमच्याच व्यवसायातला आहे. गाव आणि कचेरी यांची नावे सांगणार नाही. खानापूरकडची एक वृद्ध विधवा आमच्याकडे आली. नवऱ्याच्या पश्चात वारसाची नोंद करायची म्हणून दिराने तिला एका कचेरीत नेले होते. तेथे कानडी टंकलिखित कागदावर तिने अंगठा दिला. अकरा वर्षांनी मुलाला पीककर्ज काढायचे झाले तेव्हा उतारा काढला, तर त्यावर तिचे नावच नव्हते. तो कागद वारसाच्या नोंदीचा नव्हता, हक्कसोडपत्राचा होता. आमच्या कचेरीतील कारकून कानडीभाषक. त्याने तिला त्या कागदाची एकेक ओळ आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत समजावून सांगितली. शेवटी ती म्हणाली, 'बाबा, हे असं त्या दिवशी कुणी वाचून दाखवलं असतं तर मी अंगठा दिला असता काय?' दिराने फसवले हे खरे. परंतु त्या फसवणुकीला आडोसा मिळाला तो कागदाच्या भाषेचा. हा दावा पुढे तडजोडीने मिटला आणि तिला निम्मी जमीन परत मिळाली. निम्मी गेली ती गेलीच.

आता यातील विरोधाभास पाहा. कर्नाटकाच्या महसूल खात्यात आजही शेताच्या उताऱ्याला आमच्या बाजूचे कानडी लोक 'उतार' म्हणतात. भूमापन खात्याच्या संगणक प्रणालीचे नाव 'मोजिणी' आहे, म्हणजे आपली मोजणी. मराठी शब्द कानडीच्या कचेरीत सुखाने नांदत आहेत. मराठी माणसालाच तेवढा तेथे आपला कागद वाचता येत नाही.

लोकांनी काढलेल्या वाटा

सरकारांनी जे केले नाही ते लोक करीत राहिले. त्याचा सर्वांत उत्तम पुरावा भाषाशास्त्रज्ञांनी दिला आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. तेथे जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी बोलली जात होती, आणि समाजासमाजांतील व्यवहार प्रामुख्याने मराठीत होत होता. त्यांना असे आढळले की शतकांच्या सहवासाने या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली आहे. एका भाषेतील वाक्यातले शब्द एकामागून एक बदलत गेले की दुसऱ्या भाषेतील वाक्य तयार होते. शब्द मात्र प्रत्येकाने आपले राखले. त्या गावाने साऱ्या जगातील भाषाशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थान मिळवले.

आपली बोली ही त्याचीच बहीण. 'मी काम केलो', 'मी आंबा खाल्लो' असे आपण बोलतो तेव्हा पुण्याचा माणूस हसतो. हसू द्यावे. कानडीत क्रियापद कर्त्याच्या मागे जाते, म्हणून आपल्या मराठीतही ते कर्त्याच्या मागे गेले. हे अज्ञान नाही, शेजाराची खूण आहे. पु. ल. देशपांडे बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला आले होते. येथल्या कृष्णराव हरिहरांचे जे व्यक्तिचित्र त्यांनी 'रावसाहेब' या नावाने लिहिले, त्यातील कानडी वळणाच्या मराठीवर अवघ्या महाराष्ट्राने प्रेम केले. निपाणीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या महादेव मोरे यांनी याच मिश्र बोलीत येथील ड्रायव्हर, विडी कामगार आणि हमाल यांना मराठी कथेत आणले. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते कानडीचे महाकवी झाले. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना कानडी काव्यासाठी मिळाला. त्याच धारवाडात बेळगावात वाढलेले जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवीत राहिले आणि मराठी कथा लिहीत राहिले. एकाने दुसरी भाषा आपली केली आणि दुसऱ्याने आपली भाषा दुसऱ्या गावात जपली. दोघांनाही कोणी सक्ती केली नव्हती, आणि म्हणूनच दोघांच्या हातून मोठे काम झाले.

पोटाच्या प्रश्नावर तर भाषा आडवी आलीच नाही. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर बसले. तीन आठवडे ते हलले नाहीत. ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांच्यातील काहींचे प्राण गेले. रस्त्यावर बसलेला शेतकरी दोन्ही भाषांचा होता, कारण तंबाखूचा भाव दोघांनाही सारखाच मिळत नव्हता. शिक्षणाच्या बाबतीतही निपाणीकरांनी वाट काढली. गावाला खेटून, पण कागल तालुक्याच्या हद्दीत, अर्जुननगरला देवचंद महाविद्यालय उभे राहिले. चालत जाऊन दुसऱ्या राज्यात शिकायचे आणि चालत घरी यायचे, हे येथील मुलांच्या अंगवळणी पडले. चंदगडचा माणूस राज्याने महाराष्ट्रात राहिला, तरी त्याचा बाजार बेळगावच राहिला.

आमचाही दोष

हे सारे लिहिताना स्वतःची बाजू निर्दोष दाखवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आजोबांना कानडी बोलता येत होती, वाचता येत नव्हती. आमच्या पिढीने चळवळीच्या भरात बोलणेही सोडले. सक्तीला विरोध करताना आम्ही भाषेलाच विरोध करू लागलो. शाळेत कानडीचा तास आला की मागच्या बाकावर बसायचे, यात आम्हांला पराक्रम वाटत असे. त्याची किंमत वकिली सुरू केल्यावर मोजावी लागली.

पहिल्या वर्षातील गोष्ट. एक वयोवृद्ध कानडी पक्षकार दारात उभे होते. 'या' म्हणावे म्हणून आम्ही 'बा' म्हटले. ते क्षणभर थांबले, आत आले, पण त्या दिवशी फार बोलले नाहीत. पुढे कारकुनाने समजावले की 'बा' म्हणजे 'ये'. ते लहानांना किंवा बरोबरीच्यांना म्हणायचे. थोरांना 'बर्री' म्हणायचे. इकडच्या कानडीत शेवटी येणारा तो 'री' म्हणजे आपले 'अहो-जाहो'. तो गाळला की अपमान होतो. आमच्या मराठीत 'काय बा' हे आपुलकीचे, त्यामुळे कानाला तो शब्द गोड वाटला होता. शब्दांची यादी पाठ केली म्हणजे संस्कृती कळत नाही, हे तेव्हा उमजले. त्यानंतर आम्ही कानडी लिपी रीतसर शिकलो. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी बाराखडी गिरवली. त्याने आमचे मराठीपण तसूभरही कमी झाले नाही. उलट त्या विधवेच्या हक्कसोडपत्रातील कावा आम्हांला दिसला तो त्यामुळेच.

दुसरा दोष अधिक खोल आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तेव्हा 'आम्ही', त्याला सामावून घ्यायचे तेव्हा 'आपण'. हिंदीत वा बंगालीत हा भेद नाही. तो मराठीला दक्षिणेकडच्या शेजारातून लाभला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आजच्या कानडीत मात्र 'नावु' हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. आमच्या चळवळीचे सारे ठराव 'आम्ही'ने सुरू होतात. आमच्या गल्लीतील कानडी माणसाला धरून 'आपण' म्हणावे असे किती वेळा झाले? जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील कानडीभाषकांची मुले महाराष्ट्रात राहून कानडी शाळेत शिकू पाहतात. त्यांच्या शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून बेळगावातून एखादे निवेदन गेले असते, तर आमची मागणी किती वजनदार झाली असती!

मग जुळवून घ्यायचे कोणी?

जगात हा प्रश्न आपल्याच वाट्याला आलेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहाने ऑस्ट्रियाचा दक्षिण टिरोल हा जर्मनभाषक प्रांत इटलीला मिळाला. मुसोलिनीच्या राजवटीत तेथील जर्मन शाळा बंद झाल्या आणि गावांची नावे इटालियन करण्यात आली. लोकांनी चोरून घरांत शाळा चालवल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरही तंटा धुमसत राहिला. शेवटी १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने मार्ग निघाला. नागरिकाने कचेरीत आणि न्यायालयात आपल्या भाषेत बोलावे, आणि दोन्ही भाषा येणे ही जबाबदारी अधिकाऱ्याची, असे ठरले. वीस वर्षे अंमलबजावणी झाल्यावर १९९२ साली ऑस्ट्रियाने हा वाद मिटल्याचे मान्य केले. सीमारेषा जागची हलली नाही. जुळवून घेण्याचे ओझे मात्र दुबळ्याच्या खांद्यावरून बलवानाच्या खांद्यावर गेले.

आपल्या संविधानातही ही समज आहे. अनुच्छेद २९ भाषा आणि संस्कृती जपण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हा अनुच्छेद आला, आणि अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा यत्न राज्यांनी करावा असे सांगितले. ज्या भागात अल्पसंख्य भाषक १५ टक्क्यांहून अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे तत्त्वही त्या काळापासून मान्य झालेले आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांचे प्रादेशिक कार्यालय बेळगावातच होते. कागदावर काही कमी नाही.

आता धोका नव्या दिशेने येत आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकाचा आणि मुलाचा. राज्याला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. सक्ती गेली हे आम्हांला मान्य आहे. परंतु त्या स्वातंत्र्याचा उपयोग मराठी पालक करतो तो बहुधा मराठी शाळेसाठी नाही, आणि कानडी पालक करतो तो कानडी शाळेसाठी नाही. दोघेही इंग्रजी शाळेच्या रांगेत शेजारी शेजारी उभे आहेत. ज्या भाषांच्या नावाने आपण भांडलो त्या दोन्ही भाषांच्या शाळा एकाच वेळी ओस पडल्या, तर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कोणाच्याही बाजूने लागून काय उपयोग?

म्हणून तरुण वाचकांना आमचे सांगणे असे. कानडी शिका. बोलायला तर शिकाच, वाचायला आणि लिहायलाही शिका. आपला उतारा, आपली नोटीस, आपले खरेदीपत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ते करताना शेजाऱ्याचा 'री' विसरू नका. त्याच वेळी मराठीतून अर्ज देण्याचा हक्क सोडू नका. पोच मागा, तारीख लिहून घ्या, नाकारला तर कारण लेखी मागा. मुलाला मराठी शाळेत घाला, आणि शेजारच्या कानडी शाळेला शिक्षक नसेल तर त्या निवेदनावरही सही करा. परिचयाने, राजीखुशीने आणि सावकाश जे घडते ते जुळवून घेणे. आपल्या आजोबापणजोबांनी ते केले, आणि त्यात काहीच गमावले नाही. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा द्यायला लावणे हे जुळवून घेणे नव्हे, मग तो कागद कोणत्याही भाषेत असो.